महास्नानगृहाचा चौथा कोपरा

तारीख: आषाढातला पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. स्थळ: सोसायटीचं पार्किंग, लिफ्टसमोरची मोकळी जागा.
हजर: अध्यक्ष, म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे साहेब. तिसऱ्या मजल्यावरचे सर, ज्यांची हयात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. पहिल्या मजल्यावरच्या काकू. बाकी जवळजवळ सगळी बिऱ्हाडं, मुलाबाळांसह. सचिव म्हणून मी.
गैरहजर: कोणी नाही. मिसळ ठेवली होती.
हजेरीत न धरलेली: कामाच्या मावशी. त्या सभासद नाहीत. पाव त्याच वाढत होत्या.

विषय एकच होता, गणपतीचा देखावा. गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीने धूर सोडणारा धबधबा केला होता आणि आमच्याकडची माणसंसुद्धा तिकडे जाऊन फोटो काढून आली होती. ती जखम अजून भरली नव्हती. मी पर्यायांची यादी करून नेली होती: किल्ला, चांद्रयान, झाडे लावा. सरांनी ती वाचली, घडी केली आणि तिच्यावर फरसाणाची वाटी ठेवली.

“धबधबा कोणीही देईल,” ते म्हणाले. “आपण विचार द्यायचा. संस्कृती म्हणजे काय? या एका प्रश्नावर देखावा.”

“म्हणजे नऊवारी, फेटे वगैरे का?” मागून कोणीतरी विचारलं.

“ते कपडे झाले,” सर म्हणाले आणि उभे राहिले. सर उभे राहिले की तासभर तरी बसत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. लोकांनी तर्री पुन्हा मागून घेतली.

सरांनी एकेक मत सांगितलं आणि मी सवयीने लिहून घेतलं. एक मत असं की खाऊन उरेल एवढं धान्य साठलं, तेव्हा काही माणसांना शेतावर न जाता नुसता विचार करत बसायची सोय झाली. तिथे संस्कृती सुरू झाली. हे सांगताना सरांनी तिसरा पाव घेतला. दुसरं मत, संस्कृती म्हणजे आवर घालणं. मनात आलं की लगेच करून मोकळा होतो तो रानटी. तिसरं, संकट येतं, समाज त्याच्याशी झुंजतो आणि त्या झुंजीतून संस्कृती घडते. सुखात कुठलीच घडलेली नाही. चौथं, संस्कृती झाडासारखी असते, तिला पालवी फुटते, बहर येतो आणि पुढे ती वाळते, त्यात दोष कोणाचा नसतो. पाचवं मत म्हणे असं, की माणूस मुळात चांगला होता, पण कोणीतरी जागेला कुंपण घालून ‘हे माझं’ म्हणाला आणि तिथून सगळं बिघडलं.

“पाचवं नको,” काकू म्हणाल्या. “गाड्या लावायचा वाद आत्ता कुठे मिटलाय.”

पाचवं मत एकमताने वगळलं.

मग साहेब बोलले. साहेब कमी बोलतात. “माझ्या मते पाणी कुठून आलं आणि घाण कुठे गेली, हे दोन प्रश्न सुटले की संस्कृती झाली. उरलेली सगळी नंतरची रंगरंगोटी.”

हे मत सगळ्यांना आवडलं, कारण ते बांधून दाखवता येण्यासारखं होतं. ठरलं असं: सिंधूकाठच्या प्राचीन शहराची प्रतिकृती करायची. घरं, धान्यकोठार, मधोमध महास्नानगृह आणि रस्त्याकडेच्या गटारांतून खरं पाणी वाहतं ठेवायचं. मागे सरांच्या मतांचे फलक.

माझं मत कोणी विचारलं नाही. मी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये कामाची आखणी बघते. हंगामात तिकडची माणसं तपासणीला येतात. पहिल्या वर्षी मी उत्तम घड निवडून टेबलावर मांडून ठेवले होते. आलेल्या बाईंनी घडांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, कामाला येणाऱ्या बायकांचा संडास कुठे आहे? आत गेल्या, नळ सोडून पाहिला, साबण हातात घेऊन पाहिला, कडी लावून पाहिली. द्राक्षांची पाळी त्यानंतर आली. तेव्हापासून या विषयावर माझं मत तयार आहे. ते फलकावर लिहिण्याएवढं मोठं नाही.

आता संडासाकडेच वळते, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. आमच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीला लागून एक संडास आहे. बिल्डरच्या नकाशात तो ‘कामगारांसाठी’ म्हणून दाखवलाय. वॉचमन आणि मावशी तो वापरायचे. देखाव्याचं सामान आणलं तेव्हा पाऊस लागलेला होता आणि प्लाय, विटा, रंगाचे डबे आपल्या गॅलरीत ठेवायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा ‘चार दिवस’ सगळं त्या संडासात ठेवायचं ठरलं. किल्ली साहेबांकडे गेली. वॉचमन समोरच्या पेट्रोल पंपावर जाऊ लागला. मावशींना तेही जमेना. मधला रस्ता सिंहस्थाच्या कामासाठी खोदून ठेवलाय, आणि त्या चरावर टाकलेल्या फळीवरून जाताना त्या एकदा घसरून पडल्या. चर कशासाठी खोदलाय विचाराल तर भूमिगत गटारासाठी.

मावशी मूळच्या हरसूलकडच्या. आमच्या इमारतीत पाच घरं आणि जिना, एवढ्यावर त्यांचं घर चालतं. सकाळी साडेसातला पहिलं काम माझं. श्रावणात एकदा मी चहाबरोबर पाण्याचा पेला ठेवला तर त्यांनी तो बाजूला सारला.

“पाणी नको, ताई.”

“का?”

“पाणी पिलं की जावं लागतं. जायचं कुठं?”

मी हातातलं काम ठेवलं. तेव्हा कळलं की त्या सकाळी घरून निघाल्यापासून दीडला परत जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नव्हत्या. लघवीला जळजळ सुरू झाली होती. दोनदा औषध झालं होतं आणि दोनदा दुखणं उलटलं होतं.

“डॉक्टर म्हणतो, लय पाणी प्या, दाबून ठेवू नका. आता वरपर्यंत चढलं तर किडनीला जाईल म्हणतो,” त्या म्हणाल्या. “मी म्हणलं, डॉक्टर, एकदा आमची बिल्डिंग बघायला या. शिंधूची का कसली गटारं केलीत आमच्या लोकांनी.” आणि हसल्या. हसताना हात ओटीपोटावर होता.

“माझ्याकडे जात जा की.”

“जाते की. तुम्ही आठला कुलूप लावून जाता.”

“किल्ली ठेवा तुमच्याकडे.”

“किल्ली नको, ताई. उद्या तुमच्याच हातून काय हरवलं तरी नाव माझं.”

“बाकीच्या घरांत?”

“बाकीच्या घरांतले संडास मी घासते. वापरायचे नसतात.” हे त्यांनी फडक्याचा पिळा काढत, पोळ्या किती लाटायच्या हे विचारावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, “गणपती होऊ दे. दुसऱ्या दिवशी मोकळा करून देते.”

“कोणत्या सालचे गणपती?” मावशी म्हणाल्या.

खाली देखावा वाढत होता. घरं पुठ्ठ्याची आणि प्लायची होती, पण महास्नानगृह साहेबांनी स्वतःकडे घेतलं. “गळणारं स्नानगृह मी करणार नाही,” त्यांनी जाहीर केलं आणि खऱ्या विटा, खरं सिमेंट वापरून, वर पाणी न झिरपणारा लेप देऊन, लोखंडी चौकटीवर ते बांधलं. खाली चार चाकं. नोकरीभर त्यांनी धरणांवर काम केलं, आणि कुठलं ना कुठलं धरण गळतं अशी बातमी दरवर्षी यायचीच. आता रोज संध्याकाळी ते त्यात पाणी भरायचे आणि खालून हात फिरवायचे. हात कोरडा निघाला की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

देखावा गाजला, हे मान्य करायला हवं. मत्स्यपेटीच्या पंपावर गटारं झुळझुळ वाहत होती. लोक रांगेने येत होते. सर हातात छडी घेऊन उभे. “पाहा, प्रत्येक घराला न्हाणी! प्रत्येक घराचं सांडपाणी झाकलेल्या गटारात! इतक्या प्राचीन काळी!” लोक ‘वा’ म्हणायचे आणि पलीकडच्या फलकांपुढे उभे राहून फोटो काढायचे. आमच्या मागे, उरलेल्या सामानावर कुलूप लावलेल्या संडासाच्या दारापाशी, चपला काढायची जागा केली होती.

ती छोटी गटारं तुंबू नयेत म्हणून रोज सकाळी ब्रशने साफ करायचं काम अर्थातच मावशींना दिलं होतं. एकदा मी ऑफिसला निघाले तर त्या उकिडव्या बसून एका घरात डोकावत होत्या.

“ताई, ह्या काडेपेटीएवढ्या घराला बी मोरी हाय.”

“मग?”

“काय नाय. म्हणलं, बारीक व्हावं आणि इथंच राहायला यावं.”

वॉर्डातल्या स्पर्धेत पहिली ढाल आम्हाला मिळाली. ती साहेबांच्या हस्ते साहेबांनाच देण्यात आली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी कामावरून परत आले, तोवर अख्खं प्राचीन शहर संडासात गेलं होतं. आधी नुसतं सामान होतं. आता बांधून तयार नगर होतं. घरं एकमेकांवर रचलेली, धान्यकोठार टाकीवर, आणि महास्नानगृह बरोबर भांड्याच्या वर. उंबरा ओलांडताना त्याची दोन चाकं मोडली होती.

मी पुढच्याच रविवारी सभा लावली. हजेरी निम्मी. फक्त चहा होता. मी मुद्दे सरळ मांडले. मावशी आजारी आहेत. कारण हे आहे. कॉलेज रोडच्या एका इमारतीत त्यांना काम मिळतंय, पगार कमी आहे पण संडास उघडा आहे. त्या घटस्थापनेपर्यंत थांबते म्हणाल्यात. त्यांनी सोडून जावं असं कोणालाच वाटत नाही. तेव्हा संडास आज मोकळा करायचा.

मावशी झाडू घेऊन मीटरच्या खोलीपाशी उभ्या होत्या. सगळं ऐकू येईल एवढं जवळ.

“आमच्या वेळी सकाळी एकदा जाऊन आलं की संध्याकाळपर्यंत नाव नसायचं,” काकू म्हणाल्या. “सवयीचा प्रश्न असतो.” दुसरं मत, आवर.

“शिवाय हे बक्षिसाचं काम,” साहेब म्हणाले. “असं उघड्यावर टाकून कसं चालेल? जपून तर ठेवलंच पाहिजे.” पहिलं मत, साठा.

मी सरांकडे पाहिलं. सर खरोखर अस्वस्थ झाले होते. त्यांनी चष्मा पुसला. “अडचणी येतात,” ते म्हणाले, “पण अडचणींतूनच समाज काहीतरी नवं शोधतो, हेही विसरून चालणार नाही.” तिसरं, झुंज.

“सर, काय शोधायचं तेवढं सांगा,” मी म्हटलं. “दार तर आपल्याकडे आहे.”

“आणि हा पितृपक्ष,” काकूंना आठवलं. “या पंधरवड्यात नवीन काही सुरू करत नाहीत.”

“नवीन नाही, काकू. जुनाच संडास आहे.”

“हो, पण उघडायचा म्हणजे उद्घाटनच ना ते?”

“बरं,” मी म्हटलं. “पंधरवडा होऊ दे. तोवर मावशींनी कोणाच्या घरी जायचं ते सांगा. मी नाव लिहून घेते.”

मी पेन काढलं. सगळे आपापल्या कपात बघत होते. संस्कृती झाडासारखी वाळते म्हणतात ते मी त्या दिवशी समोर पाहिलं, आणि खरंच, त्यात कोणाचा दोष दिसत नव्हता. प्रत्येकाकडे काही ना काही कारण होतं: सासूबाईंचं सोवळं, एकच बाथरूम, ऑनलाइन मीटिंगा.

“हा प्रश्न एका व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे,” शेवटी सर म्हणाले, आणि सगळ्यांना मोकळा श्वास घेता आला. ठराव झाला, देखाव्यासाठी योग्य जागा उपलब्ध होताच संडास मोकळा करण्यात यावा. एकमताने मंजूर. मीच लिहिला.

सभा संपल्यावर मावशींनी कप गोळा केले. “काय ठरलं?”

“मोकळा करायचं ठरलं.”

“कधी?”

“जागा मिळाली की.”

“म्हंजे मला जागा मिळायला आधी त्या गटारांना जागा मिळाली पाहिजे,” मावशी म्हणाल्या. “बरोबर हाय. ढाल त्यांना मिळालीय.”

सोमवारी मी रजा टाकली आणि साहेबांकडून किल्ली मागून घेतली. वॉचमनला घेऊन जेवढं उचलता येईल तेवढं वर, माझ्या घरात आणलं. धान्यकोठार टीव्हीखाली बसलं. घरं दिवाणावर. गटारं गुंडाळून कपाटाच्या मागे. संध्याकाळी यजमान आले. बायपासनंतर त्यांना जड उचलायला मनाई आहे. त्यांनी बसायला जागा शोधली, मिळाली नाही.

“हे किती दिवस?”

“चार दिवस,” मी म्हटलं.

त्यांनी एक मोहल्ला उचलून मांडीवर घेतला आणि चहा प्यायले.

उरलं महास्नानगृह. मी, वॉचमन आणि मावशींनी हलवून पाहिलं. तीन कोपरे उचलले जातात, पण चौथा खाली टेकतो आणि चौकट दारात आडवी होते. मग मी साहेबांकडे गेले आणि सरळ विचारलं, “फोडूया का?”

साहेब माझ्याबरोबर खाली आले, माझ्यासमोर त्यात बादलीभर पाणी ओतलं, आणि वाकून खालून हात फिरवला. वाकताना त्यांना त्रास झाला. कमरेला पट्टा असतो. हात माझ्यापुढे धरला. कोरडा.

“एवढं एकच माझ्या हातून न गळणारं झालं,” ते म्हणाले.

फोडायचं मला पुन्हा म्हणवेना. तेव्हा तेच म्हणाले, “माझ्या गॅलरीत ठेवतो. लिफ्टपर्यंत न्यायला तेवढी चार माणसं बघा.”

जागा मिळाली होती. ठरावाची अट पूर्ण झाली होती. मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: ‘येत्या रविवारी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये. महास्नानगृह उचलायचं आहे. तीन माणसं आहेत. एक हवा. काम दहा मिनिटांचं.’

उत्तरं भराभर आली. अंगठे. जोडलेले हात. फुलं. कोणीतरी ‘उत्तम उपक्रम’ लिहिलं. मग सरांचा मोठा मजकूर आला. संस्कृतीविषयीचं सहावं मत त्या दिवशी सांगायचं राहून गेलं, असं त्यांनी लिहिलं होतं. ते असं की रक्ताचं नातं नसलेली माणसं जेव्हा एकमेकांचं ओझं उचलू लागतात, तेव्हा संस्कृती सुरू होते. आपल्या सोसायटीत ती सुरू होताना पाहून समाधान वाटतं. त्याखाली आणखी अंगठे.

‘सर, मग सातला येताय ना?’ मी लिहिलं.

‘हर्नियामुळे क्षमस्व,’ सरांनी लिहिलं. ‘मनाने तिथेच आहे.’

तारीख: पितृपक्षातला दुसरा रविवार, सकाळी सात. स्थळ: पार्किंग, संडासाचं दार.
हजर: मी. वॉचमन. मावशी. साहेब, पट्टा बांधून, सूचना देण्यासाठी.
गैरहजर, कळवून: सर. काकू, घरी श्राद्ध असल्याने. एक बिऱ्हाड मुलाच्या क्लासच्या परीक्षेमुळे.
गैरहजर, न कळवता: बाकी सर्व. त्यांतले काही गाडी काढून आमच्या समोरूनच मिसळ खायला गेले. काच खाली करून ‘जोरात चाललंय!’ म्हणाले.

साडेसातपर्यंत वाट पाहिली. मग साहेबांनी चौथ्या कोपऱ्याखाली विटा सरकवायची युक्ती सांगितली. आम्ही तिघांनी तीन कोपरे धरले. “उचला… थोडं डावीकडे… सावकाश, सावकाश,” साहेब सांगत होते. विटांवरून ते निम्मं बाहेर आलं आणि विटा निसटल्या. चौथा कोपरा उंबऱ्यावर बसला तो बसलाच. पुढे येईना, मागे जाईना. साहेबांनी आधी कुठे तडा गेलाय का ते पाहिलं. गेला नव्हता.

मावशींनी पदराने तोंड पुसलं, महास्नानगृहाच्या कडेवर पाय ठेवून आत गेल्या आणि दार ओढून पाहिलं. दार लोखंडी चौकटीला अडलं.

“ताई, आत जाता येतंय आता,” आतून आवाज आला. “दार लागत नाय.”

वॉचमन गेटकडे निघून गेला. साहेब पाठ फिरवून मीटर वाचू लागले. मी दारासमोर माझी ओढणी धरून उभी राहिले.

बाहेर आल्यावर मावशींनी माझ्या बाटलीतलं पाणी मागितलं आणि निम्मी बाटली संपवली. “गुरुवारी घट बसतात,” त्या म्हणाल्या. “तवर हाय मी.”

रोज सकाळी आठला मी कुलूप लावून जाते. ओढणी धरायला मी नसते. आज पुन्हा ग्रुपवर लिहिलंय. बाकी राहिलेलं काम: महास्नानगृह दारातून बाहेर काढणे. गुरुवारच्या आत. एक माणूस कमी आहे.